पुळणीची मोजणी

दरवर्षी जुलैच्या मध्याला कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. आडवे झालेले सुरू, मुळं उघडी पडलेला माड आणि मागे खवळलेला समुद्र. खाली मथळा असतो, समुद्राने किनारा गिळला. नाताळच्या सुट्टीत त्याच पुळणीवर पर्यटकांच्या क्रिकेटच्या मॅचेस चालतात, इतकी वाळू परत आलेली असते, पण त्याची बातमी होत नाही. किनारा खरंच गेला की पावसाळ्यापुरता बाजूला झाला, हे जुलैच्या फोटोवरून कळत नाही आणि डिसेंबरच्या गर्दीवरूनही नाही. त्यासाठी पुळण मोजावी लागते आणि आपल्या बहुतेक गावांनी ती कधीच मोजलेली नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गेली आणि निवृत्तीनंतर गुहागरला राहिलो. नोकरीत असताना किनाऱ्यावरच्या एका गावात नारळ-सुपारीच्या वाडीची हद्द कायम मोजणी माझ्याकडे आली. टिपणावरून तीन बाजूंच्या खुणा जुळल्या. पश्चिमेची खूण शोधायला गेलो, तर हद्दीचा दगड असायला हवा तिथे ओहोटीचं पाणी खेळत होतं. वाडीचे मालक सत्तरीतले गृहस्थ होते. ते म्हणाले, “साहेब, शेजाऱ्याशी माझं काही भांडण नाही. सातबाऱ्यावर आहे तेवढी जमीन अजून आहे का, एवढंच मला लेखी हवंय.” क्षेत्र काढून देणं अवघड नव्हतं. पण ती जमीन एका वादळात गेली की वीस वर्षांत थोडी थोडी करून, आणि अजूनही जातेच आहे का, याचं उत्तर कुठल्याच दप्तरात नव्हतं. गावनकाशा मोजणीच्या दिवसापुरती हद्द दाखवतो. त्यात जमीन जागची हलत नाही असं धरलेलं असतं, आणि पुळण तर रोज हलते.

ती कशी हलते हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण धुपीबद्दलचे अर्धे गैरसमज तिथेच आहेत. मे महिन्यात आमची पुळण सर्वांत रुंद आणि उंच असते. जूनमध्ये नैऋत्येचे वारे धरले की लाटा उंच आणि एकामागोमाग एक येऊ लागतात. त्या पुळणीवर आपटतात, वाळू उकरतात आणि परतीच्या पाण्याबरोबर ओढून नेतात. ही वाळू फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर, पाण्याखाली तिचा लांबट बांध तयार होतो. पावसाळ्यात लाटा आधी बाहेर एका ओळीत फुटतात आणि मग पुन्हा उठून किनाऱ्याकडे येतात, ती बाहेरची ओळ म्हणजे हा बांध. लाटांचा बराच जोर तो तिथेच अडवतो, म्हणजे पुळणीतून गेलेली वाळू त्या काळात पुळणीचंच रक्षण करत असते. सप्टेंबर सरला की लाटा शांत आणि लांब पल्ल्याच्या होतात आणि हीच वाळू हळूहळू परत वर ढकलतात. जायला तिला एखादा आठवडा पुरतो, परतायला मात्र महिने लागतात.

पुळणीच्या मागे वाळूची टेकाडं असतात. त्यांच्यावर मर्यादवेल आणि रावणमिशी वाढते. या वनस्पती वाऱ्याने उडालेली वाळू धरून ठेवतात आणि ती टेकाडं म्हणजे मोठ्या वादळासाठी राखलेला साठा असतो. त्यावर भिंत बांधली, रस्ता केला किंवा बांधकामासाठी तिथली वाळू उचलली की तेवढा साठा हिशेबातून कायमचा जातो. टेकाडांवर सुरूची लागवड ठिकठिकाणी झाली आहे. सुरूची सावली सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण पायथ्याची वाळू कापली गेली की हे झाड उभं राहत नाही. पडलेला सुरू पाहून आपण हळहळतो. त्याच्या समोरची मर्यादवेल कधी नाहीशी झाली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

म्हणजे एका वर्षात पुळण मीटर-दीड मीटर खाली बसून पुन्हा वर येऊ शकते आणि पाण्याची कड दहा-वीस मीटर मागेपुढे होऊ शकते. खरी चिंता ज्याची करायची ती कायमची धूप या मोठ्या चढउताराखाली दडलेली असते आणि वर्षाला कदाचित हात-दीड हातच असते. समुद्रपातळीचंच पाहा. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये काढलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटर वाढली. 1874 ते 2004 या दीर्घ काळात हा वेग एक ते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास होता. 3.3 मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याइतकंही नाही. पण पुळणीला 50 मीटरला 1 मीटर असा उतार असेल, तर तेवढ्या वाढीने पाण्याची कड दरवर्षी सोळा-सतरा सेंटिमीटर आत येते. तीस वर्षांत ती पाच मीटर होते. वाळू वाहून जाते ती आणखी वेगळी. एवढी बारीक गोष्ट डोळ्यांना दिसणं शक्य नाही. ती वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच हंगामात घेतलेल्या आकड्यांतूनच दिसते.

मोजायची रीत स्वस्त आहे आणि जुनीही. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरी भूशास्त्रज्ञाने 1961 मध्ये ती मांडली. तिला दोन काठ्या, एक दोरी आणि क्षितिज एवढंच लागतं. गुहागरला शाळेतल्या मुलांबरोबर मोजायला लागलो, तेव्हा आम्ही दीड मीटरचे दोन पीव्हीसी पाइप घेतले. वरच्या टोकाला शून्य धरून खाली सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि काठी वाळूत रुतू नये म्हणून बुडाला लाकडी चकत्या बसवल्या. दोन काठ्यांमध्ये दोन मीटरची दोरी. दोन मुलं काठ्या धरतात, तिसरं वही सांभाळतं.

सुरुवात पक्क्या खुणेपासून करायची. इथे माझी नोकरी कामाला येते. खूण झाडावर करायची नाही, कुंपणावर नाही आणि पुळणीवरच्या दगडावर तर नाहीच. पुळणीपासून बरीच मागे, वीस-तीस वर्षं हलणार नाही अशी जागा हवी. विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा किंवा जुन्या घराची जोत्याची पायरी. एकाच खुणेने दिशा ठरत नाही, म्हणून तिच्या मागे दुसरी खूण घ्यायची आणि दोन्ही एका रेषेत दिसतील अशा ओळीने समुद्राकडे निघायचं. दरवेळी तीच ओळ. ती चार पावलं इकडेतिकडे झाली तर आकडे निरुपयोगी होतात, कारण पुळण दर पंचवीस पावलांवर वेगळी असते.

आता पहिली काठी खुणेजवळ आणि दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राच्या बाजूला उभी करायची. दोन्ही ओळंब्यात हव्यात. मागच्या काठीजवळ उभ्या राहिलेल्याने डोळा अशा उंचीवर आणायचा, की पुढच्या काठीचं टोक आणि समुद्राचं क्षितिज एका रेषेत दिसेल. ती नजर मागच्या काठीला जिथे छेदते तो आकडा वाचायचा. तो अठरा सेंटिमीटर आला, तर त्या दोन मीटरांत वाळू अठरा सेंटिमीटरने उतरली. पुढे चढ असेल तर उलट करायचं. मागच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि आकडा पुढच्या काठीवर वाचायचा. मग मागची काठी पुढचीच्या जागी, पुढची आणखी दोन मीटर पुढे, असं करत पाण्यात गुडघाभर खोल जायचं. सगळे उतार क्रमाने मिळवत गेलं की पुळणीचा उभा छेद तयार होतो. काही सेंटिमीटरची चूक राहते, पण जी पुळण मीटरभर खालीवर होते तिच्यासाठी ती चालण्यासारखी आहे.

कोकणात एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची खोल ओहोटी सकाळी लवकर लागते. ऊन पाठीवर असतं, क्षितिज स्वच्छ असतं आणि पुळण सर्वांत जास्त उघडी पडलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. पण गावातल्या कुठल्याही मासेमाराला तिथी सांगितली, तर तो ओहोटीची वेळ तोंडी सांगतो. पावसाळ्यात क्षितिज दिसत नाही. तेव्हा गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्यायची, नळीच्या दोन टोकांतलं पाणी एका पातळीला येतं आणि क्षितिजाचं काम करतं. मात्र उधाणलेल्या समुद्रात मुलांना न्यायचं नाही. तेव्हा पुळणीचा वरचा भाग मोजला तरी पुरतो.

आकड्यांबरोबर तारीख, वेळ, तिथी, वारा आणि भरतीने टाकलेल्या कचऱ्याची रेघ कुठे आहे हे लिहायचं. वाळूचा रंगही लिहायचा, त्याबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाळूत इल्मेनाइट नावाचं काळं, जड खनिज ठिकठिकाणी सापडतं. साध्या गारेच्या वाळूपेक्षा ते पावणेदोन पटींहून जास्त जड असतं. लाट पुळण खरवडते तेव्हा हलकी, पांढरट वाळू आधी निघून जाते आणि जड काळी मागे राहते. म्हणून पुळणीच्या वरच्या अंगाला, टेकाडाच्या पायथ्याशी काळे पट्टे दिसू लागले, की तिथली वाळू नुकतीच कापली गेली आहे असं समजावं. पर्यटक त्याला घाण समजतात. आमच्या मुलांना आता तो पट्टा दिसला की ती आधी त्याची रुंदी मोजतात.

दोन वेळचे छेद एकाच आलेखाच्या कागदावर काढले, की मधली जागा म्हणजे गेलेली किंवा आलेली वाळू. समजा साठ मीटर रुंदीची पुळण सरासरी एक मीटरने खाली बसली. तर किनाऱ्याच्या दर एक मीटर लांबीमागे साठ घनमीटर वाळू गेली. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे ही झाली एकवीस ब्रास. एक किलोमीटरला एकवीस हजार ब्रास. हा आकडा मी जाणूनबुजून ब्रासमध्ये सांगतो, कारण खाडीत पंप लावून काढलेली वाळूही ब्रासमध्येच विकली जाते. नद्या आणि खाड्या समुद्राला वाळू देतात आणि समुद्र ती पुळणीला देतो. खाडीतून किती ब्रास उचलली आणि पुळणीवरून किती ब्रास गेली हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, तर ग्रामसभेत बऱ्याच गोष्टी स्पष्ट बोलल्या जातील.

इतकं करून पदरात काय पडतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ आहे. नॅराबीन हा साडेतीन किलोमीटरांच्या आसपासचा किनारा, दोन्ही टोकांना खडकाळ डोंगर. अँडी शॉर्ट या भूगोलाच्या अभ्यासकाने 1976 च्या एप्रिलमध्ये तिथे दर महिन्याला छेद घ्यायला सुरुवात केली, तीही एमरीच्याच दोन काठ्यांनी. काठ्यांच्या जागी पुढे उपग्रहावर चालणारी उपकरणं आली, पण मोजणी थांबली नाही. काही वर्षांनी त्या वह्यांतून अशी गोष्ट बाहेर आली, जी कोणालाही नुसती पाहून सुचली नसती. पुळण एका टोकाला अरुंद होते तेव्हा दुसऱ्या टोकाला रुंद होते आणि काही वर्षांनी हे उलटं होतं. एल निनो आणि ला निनाच्या वर्षांत लाटांची दिशा थोडी बदलते आणि सगळी वाळू या टोकाकडून त्या टोकाकडे सरकते. जून 2016 च्या वादळात तिथल्या घरांपुढची जमीन कोसळली, एका घराचा पोहण्याचा तलाव उलथून पुळणीवर पडला. जगभर फोटो गेले. पण तिथल्या लोकांकडे चाळीस वर्षांचे आकडे होते. नेहमीच्या धुपीहून हे किती वेगळं आहे, हे त्यांना अंदाजाने बोलावं लागलं नाही.

गुहागरची पुळण पाच-सहा किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ आणि तिच्या दोन्ही अंगांना खडकाळ किनारा. म्हणून नॅराबीनचा धडा मला इथला वाटतो. वरचापाटासमोर कडा पडला, म्हणून सगळी पुळण गेली असं म्हणता येणार नाही. खालचापाट आणि बाग या गुहागरच्याच भागांतही त्याच सकाळी मोजायला हवं. एकाच ठिकाणचा छेद फसवतो.

मुलांपैकी एकीने विचारलं, “आजोबा, उपग्रहावरून सगळं दिसतं ना, मग आपण कशाला मोजायचं?” प्रश्न योग्य होता. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या उपग्रह चित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा सगळा किनारा तपासला आहे. त्यात 33.6 टक्के किनाऱ्याची धूप होते आहे, 26.9 टक्क्यांवर वाळू साठते आहे आणि बाकीचा जवळपास स्थिर आहे. महाराष्ट्रात धूप होणारा किनारा सुमारे एक चतुर्थांश आहे. राज्याला, देशाला दिशा दाखवायला हे काम फार मोलाचं आहे. पण लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका तीस मीटरचा असतो. उपग्रहाला पाण्याची कड दिसते, वाळूची जाडी दिसत नाही. पुळण तेवढीच रुंद राहून मीटरभर खाली बसली, तर ती वरून तशीच्या तशी दिसते, आणि पुढच्या वादळात लाट थेट वाडीत शिरते. ही जाडी काठीलाच कळते.

काठ्यांचाही कंटाळा असेल, तर त्याहून सोपी रीत आहे. 2017 मध्ये सिडनीजवळच सुरू झालेल्या कोस्टस्नॅप या उपक्रमात पुळणीकडे तोंड करून एक पक्की चौकट बसवतात. येणारा-जाणारा त्यात मोबाइल ठेवून फोटो काढतो आणि पाठवतो. कोन तोच, जागा तीच, त्यामुळे फोटोंवरून किनाऱ्याची रेषा आखता येते. रोज हजार माणसं मोबाइल घेऊन फिरतात त्या आपल्या पुळणींवर अशी एक लोखंडी चौकट बसवायला फारसा खर्च नाही.

हे सगळं बंधाऱ्याच्या प्रश्नाशी येऊन ठेपतं. धूप दिसली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. ज्याच्या घराच्या पायरीला पाणी लागलं आहे, त्याला थांब म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, मी तर म्हणणार नाही. पण दगडी बंधारा मागची जमीन वाचवतो, पुढची पुळण नाही. लाट दगडावर आपटून परतते, पायथ्याची वाळू उकरते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त वेगाने कापली जाते. मग शेजारी बंधारा मागतो.

धुपीचं कारण कित्येकदा भलतीकडेच असतं. गोव्यात कांदोळीजवळ 6 जून 2000 रोजी रिव्हर प्रिन्सेस हे खनिजवाहू जहाज रुतलं आणि जवळपास बारा वर्षं तिथेच राहिलं. अशा अडथळ्याच्या आडोशाला लाटा मंदावतात, वाळू तिथे साठते आणि ती आजूबाजूच्या पुळणीतून आलेली असते. पुदुच्चेरीत 1980 च्या दशकात बंदराचे धक्के समुद्रात काढले, तेव्हापासून किनाऱ्याने उत्तरेकडे वाहत जाणारी वाळू अडली आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. दगड टाकून ती परत आली नाही. अलीकडे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडथळा बसवला आणि त्यामागे वाळू पुन्हा साठू लागली. आधी वाळू कुठून येते, कुठे जाते हे मोजलं, मग उपाय ठरवला, म्हणून ते जमलं.

कोकणातल्या पुळणीवर केवळ आपलाच हक्क नाही, हेही सांगतो. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीच्या दिवसांत रात्री येऊन भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. वेळासला 2002 पासून त्यांच्या रक्षणाचं काम उभं राहिलं आणि गुहागरलाही आता घरटी सांभाळली जातात. पावसाळ्यात गेलेली वाळू थंडीपर्यंत परतली नाही, तर कोरडी पट्टीच उरत नाही आणि उधाणाचं पाणी घरट्यात जातं. आमच्या वहीत म्हणूनच थंडीच्या मोजणीला वेगळं पान आहे.

16 आणि 17 मे 2021 ला तौक्ते वादळ कोकणाला समांतर वर गेलं. पुळण वर्षातली सर्वांत भरलेली असते नेमकी तेव्हा. त्या वाळूने किती मार सोसला, किती घरं वाचवली, हे आज कोणी सांगू शकणार नाही, कारण 15 मेची मोजणी बहुतेक गावांत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या मेमध्ये, पाऊस लागण्याआधीच्या खोल ओहोटीला, तुमच्या पुळणीवर तीन ठिकाणी पक्क्या खुणा करा आणि पहिला छेद घ्या. दुसरा सप्टेंबरअखेर घ्या, तिसरा माघात. वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या दप्तरी जमा करून पोच घ्या. आणि बंधाऱ्याचा ठराव सभेपुढे येईल, तेव्हा हात वर करण्याआधी त्या वहीतली पानं मोठ्याने वाचून घ्या.